फिकी शेवभाजी

एरंडोलच्या अलीकडच्या एका ढाब्यावर परवा मला गिऱ्हाईक म्हणून नव्हे, पुणेकर म्हणून जेवायला वाढलं. राग अजून उतरलेला नाही.

पाटीवर पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, सगळं होतं. शेवभाजी नव्हती, म्हणजे ती चांगली असणार. "एक शेवभाजी, झणझणीत," मी म्हणालो. वेटर वळायच्या आत शेजारच्या बाजेवरचे टोपीवाले बाबा उठून बसले.

"कुठले?"

"पुण्याचा."

"मंग फिकी आन रे."

"नाही हो, तिखटच हवी."

"भाऊ, पुढं गाडी चालवनी आहे ना?"

"हो."

"मंग!"

या 'मंग'वर काय बोलणार? वेटर तर ऑर्डर बाबांकडे बघूनच लिहून घेत होता. "यासले दही दे," बाबा म्हणाले. मी म्हटलं, दही नको. "आता नको वाटतं," असं म्हणून त्यांनी माझ्या आतड्यांचं भविष्य वेटरच्या कानात सांगितलं. दोघं हसले.

समोर एक ट्रकवाला खरी शेवभाजी खात होता. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर बोटभर तवंग, आणि नुकतीच पडलेली जाड शेव: बुडालेलं टोक मऊ, वरचं अजून कुरकुरीत. घाम पुसायलासुद्धा तो थांबत नव्हता. माझ्या वाटीत पिवळसर पाणी आणि शेवेचा लगदा.

याच जिल्ह्यात थंडीत वांगी काड्यांच्या जाळावर भाजून भरीत करतात. कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण, सोबत कळण्याची भाकरी. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मला ते त्या ढाब्यावर दोन मिनिटांत मिळालं: पुणे, फिकं.

वाटेतल्या चकचकीत फूड मॉलांत सगळीकडे तेच प्लास्टिकात गुंडाळलेलं थंड सँडविच, आणि तिथे कोणी गाव विचारत नाही. जिथे खरं खायला मिळतं, तिथे आधी जन्मदाखला द्या! हे लोक पुण्यात येऊन मिसळ मागतात, तेव्हा आम्ही त्यांना कधी "खानदेशचे का? मग दुप्पट तिखट घ्या" म्हणतो का?

बिलात दही होतंच. खाली दोन चहा.

"मी चहा घेतलाच नाही."

"बाबांचे," वेटर म्हणाला. "म्हणले, पुण्याचे पाहुने देतील."