माळ्यावरच्या कॅसेट भंगारात घालण्याआधी

ठाण्याच्या नौपाड्यात सध्या एकाआड एक इमारत पुनर्विकासाला चालली आहे, आणि घरं रिकामी करायच्या गडबडीत चाळीस-चाळीस वर्षांचे माळे खाली उतरताहेत. पितळेची भांडी लेकीसुनांत वाटली जातात. पुस्तकांसाठी निदान ग्रंथसंग्रहालयात विचारून तरी बघतात. व्हिडिओ कॅसेट मात्र थेट भंगारवाल्याच्या गोणीत, आणि तोही त्या कुरकुरतच घेतो.

त्या गोणीत काय जातंय, ते सांगतो.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तेव्हा कितीतरी कार्यक्रम स्टुडिओतून थेट जायचे. जे रेकॉर्ड व्हायचे त्यांची टेप महाग, त्यामुळे जुनं पुसून त्यावरच नवं. यासाठी एकट्या दूरदर्शनला झोडपण्यात अर्थ नाही. नासानं चंद्रावरच्या पहिल्या पावलाच्या मूळ टेपासुद्धा अशाच पुसून वापरल्या. बीबीसीनं आपल्या ‘डॉक्टर हू’ मालिकेचे ढीगभर भाग घालवले, पण हरवलेल्या सगळ्या भागांचा आवाज आज शिल्लक आहे, कारण काही प्रेक्षकांनी तो घरी टीव्हीवरून टेप केला होता. जे प्रसारण केंद्राकडे नाही ते घरात असतं, ते असं.

दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसारभारतीनं आपल्या संग्रहातलं बरंच आता यूट्यूबवर आणलंय. छान आहे, मीही बघतो. पण ते सुटे कार्यक्रम असतात, पुढचं-मागचं कापलेले. निवेदिकेनं सांगितलेला पुढचा कार्यक्रम, मध्येच लागणारी ‘व्यत्यय’ची पाटी, प्रदीप भिडेंच्या बातम्यांच्या आधीची साबणाची जाहिरात, हे सगळं सलग मिळेल ते कुणीतरी घरी बटण दाबून रेकॉर्ड केलेल्या कॅसेटमध्येच. अमेरिकेत मॅरियन स्टोक्स नावाच्या बाईंनी फिलाडेल्फियात घरबसल्या तीसेक वर्षं चोवीस तास टीव्ही रेकॉर्ड केला. त्यांच्यामागे सत्तर हजारांच्या आसपास कॅसेट उरल्या आणि त्या इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल संग्रहालयानं ताब्यात घेतल्या. हयातीत लोकांनी त्यांना विक्षिप्तच म्हटलं असणार!

आणि आपले केबलवाले? नव्वदीत त्यांचे स्वतःचे चॅनल होते. मासुंदा तलावावरचं विसर्जन, गल्लीतल्या साडीच्या दुकानाची जाहिरात, खालच्या पट्टीवर कुणा चिंटूला वाढदिवसाच्या शुभेच्छा. यातलं काही कुठल्या सरकारी संग्रहात असेल अशी आशाच नको. त्या दशकातलं ठाणं हलतं-बोलतं बघायचं असेल तर ते तुमच्या-माझ्या माळ्यावरच आहे.

शेजारच्या काकूंची एक कॅसेट परवा हातात आली. लेबलवर आधी ‘बारसं’, ते खोडून ‘क्रिकेट’, तेही खोडून लाल शाईत ‘पुसू नये’. काकूंनी मागे एका दुकानातून तिची पेनड्राइव्ह करून घेतली होती. दुकानदारानं उत्साहानं सगळ्या जाहिराती आणि मधलं निवेदन कापून ‘क्लीन’ फाइल दिली, वर ‘मूळ कॅसेट आता टाकून द्या’ हा सल्ला फुकट. ‘अहो, जाहिराती काय करायच्यात?’ असं काकू मलाच विचारत होत्या. नशीब, कॅसेट टाकली नव्हती. बाजूची बारीक खिट्टी दाबून पुढचं झाकण उघडलं, तर गुंडाळलेल्या टेपेच्या कडेवर पांढरी बुरशी, पिठाची बोटं लागावीत तशी. ठाण्याचे पावसाळे काढलेल्या कॅसेटला हे होणारच. अशी कॅसेट साफ न करता मशीनमध्ये घालू नका. बुरशी हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते.

मशीन हीच खरी अडचण आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी फुनाई, तिनं २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. म्हणजे जगात जे व्हीसीआर आहेत ते आहेत, आणि दुरुस्त करणारे हात पिकत चाललेत. युनेस्कोनं चुंबकीय टेपांबद्दल २०१९ मध्येच धोक्याची घंटा वाजवली होती, आणि त्यांची डिजिटल प्रत करून घ्यायला मुदत धरली होती २०२५ ची. ती उलटली.

‘कॉपीराइटचं काय?’ असं कुणी म्हणेलच. १९५७ च्या कायद्यात प्रक्षेपणावरचा हक्क २५ वर्षांचा आहे; आतल्या सिनेमा-गाण्यांचे हक्क वेगळे आणि जास्त लांब, त्यामुळे सगळंच उचलून यूट्यूबवर टाकता येणार नाही. पण २०१२ च्या दुरुस्तीनं सार्वजनिक, बिगरव्यापारी ग्रंथालयाला आपल्याकडच्या वस्तूची जतनासाठी डिजिटल प्रत करायला मोकळीक दिली आहे. माझं म्हणणं एवढंच, की १८९३ पासून पुस्तकं सांभाळणारं मराठी ग्रंथ संग्रहालय आपल्या गावात आहे, तर त्याच्या एका कपाटात कॅसेट का नसाव्यात? दिवाळी अंक जपतो, मग दिवाळीचा कार्यक्रम का नाही? व्हीसीआर, त्यातलं चित्र संगणकात उतरवणारं एक कॅप्चर कार्ड आणि हात बसलेला एखादा निवृत्त टीव्ही मेकॅनिक. एका मंडळाच्या डीजेच्या खर्चात भागेल. मंडळाचे कार्यकर्ते माझ्यावर चिडतील, चिडोत.

तोवर ज्यांची घरं रिकामी होताहेत त्यांनी कॅसेट उभ्या ठेवा, पलंगाखाली नको, स्पीकरजवळ नको. दुकानात दिलीत तर काहीही कापू नका असं बजावून द्या, आणि कॅसेट परत घ्याच. पाचपाखाडी-नौपाड्यात कुणाकडे चालू व्हीसीआर असेल तर तो विकण्याआधी मला एक फोन करा.