न उगवलेल्या वर्षाची फी

मी मास्तर आहे. विनाअनुदानित. हा शब्द ऐकला की आमच्या परभणीत किराणा दुकानदार उधारीची वही आपोआप मिटतो, त्यामुळे मी शक्यतो नुसतं "टीचर" सांगतो. आणि मी पालक पण आहे, एका इंटरनॅशनल शाळेचा. इंटरनॅशनल म्हणजे गेटच्या भिंतीवर सहा देशांचे झेंडे रंगवलेत, त्यातले तीन आपल्याकडच्या उन्हानं सारख्याच रंगाचे झालेत. आता तुम्ही म्हणाल मास्तर असून पोरगं स्वतःच्या शाळेत कामून नाही घातलं? अहो, आचारी स्वतःच्या हातचं कधी जेवतो का.

तर 2020 चा मार्च. शाळा बंद झाल्या, आधी म्हणे 31 मार्चपर्यंत. खरं सांगतो, मला आनंद झाला. दोनशे पेपर तपासायचे होते. पोरगं पहिलीत होतं, त्यानं दप्तर कोपऱ्यात फेकलं ते फेकलंच. जूनमध्ये बायकोनं ते उघडलं तर आत शेवटच्या दिवशीचा डबा, त्यात पोळीचा रोल होता, त्याला हिरवी-काळी लव आलेली, वर बारीक पांढरी टोपी. पोरगं अर्धा तास बघत बसलं. त्या वर्षी त्याचं सायन्सचं प्रॅक्टिकल झालं ते एवढंच.

दुसरीचं वर्ष सुरू झालं म्हणजे फीचा मेसेज आला. वर्गाची लिंक नंतर आली, आधी फीची लिंक आली, ती मात्र पहिल्या दाबात उघडली. ट्यूशन फी, टर्म फी, स्मार्ट क्लास, कॉम्प्युटर लॅब, ॲक्टिव्हिटी, गॅदरिंग, बस मेंटेनन्स आणि मिसलेनियस. मी मोठ्यानं वाचत होतो, आप्पा, म्हणजे माझे वडील, बाजंवर पडून ऐकत होते. ते म्हणले, "बाकीचं समजलं, पण हा मिसलेनियस कोण? त्याला दीड हजार कामून द्यायचे?"

मी म्हणलं आप्पा तो माणूस नाही.

"मग तर बिल्कुल देऊ नको."

बस मेंटेनन्सचं मात्र मला पण कळेना. बस शाळेच्या ग्राउंडवर उभी. मी भाजी आणायला जाताना रोज बघायचो, चाकाच्या मधून गाजरगवत निघून खिडकीला टेकलं होतं आणि टपावर एक शेळी उभी असायची, ती तिथं कशी चढायची देव जाणे. ऑफिसात विचारलं तर म्हणले, सर, उभ्या बसला जास्त मेंटेनन्स लागतो. हे वाक्य मी आजपर्यंत विसरलो नाही, कारण त्याच महिन्यात मी पण घरी उभाच होतो आणि मला कुणी मेंटेनन्स देत नव्हतं. आमच्या संस्थेनं पगार अर्धा केला होता, नंतर तो अर्धा पण कधी यायचा कधी नाही.

भाडं वाचावं म्हणून आम्ही जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावी जाऊन राहिलो. आता मोबाईल एक, तो माझा. त्यावर अकरा वाजता मी नववीला बीजगणित शिकवायचो आणि पावणेबाराला त्याच मोबाईलवर पोराची इंग्लिशची कविता. झूम फुकटचं असल्यामुळं चाळीस मिनिटाला आपोआप बंद पडायचं, त्यातली पंधरा मिनिटं "सर आवाज येतोय का, सर आवाज येईना" यात जायची. बरं, घरात रेंज नाही. रेंज फक्त एका ठिकाणी, कडब्याच्या गंजीवर. मग मी शिडी लावून गंजीवर बसायचो, वरून छत्री, समोर मोबाईल ज्वारीच्या पेंढीला टेकवलेला, आणि खाली बायको शिडी धरून उभी कारण शिडी म्हातारी. एकदा मी रेषीय समीकरण रंगात येऊन सोडवायलोय तर एक पोरगं म्हणलं, "सर, तुमच्या मागं म्हैस हाय." मागं वळून बघितलं तर म्हैस गंजीचं एक कोपरं खाऊन मोकळी झालेली, अन् एक्सची किंमत काढायच्या आत आख्खी नववी आणि मी तिरके.

त्याच जून-जुलैत दुसरी एक भानगड झाली, ती शेतकऱ्यांना आठवत असेल. सोयाबीन उगवलंच नाही. आमचं एकट्याचं नाही, मराठवाड्यात ठिकठिकाणी, तक्रारींचा असा ढीग पडला की औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. आमच्या पण दोन एकरात दुबार पेरणी. पंचनाम्याला माणसं आली, तासात वाकून रोपं मोजली, किती टाकलं किती निघालं सगळं कागदावर घेतलं. आप्पा हे सगळं डोळ्यात तेल घालून बघत होते. रात्री जेवताना म्हणले, "बियाची पिशवी दोन-अडीच हजाराची. नाही उगवली तर इचारायला माणूस येतंय. तू त्या शाळंत तीस हजार टाकायलास, तिथं काय उगवलं हे कोण मोजणार?"

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पंचनामा घेतला. पोराला बाजंवर उभं केलं. म्हणले, सातचा पाढा म्हण. पोरगं सात त्रिक पर्यंत गेलं आणि थांबलं. आप्पा म्हणले, पुढं? पोरगं अगदी मॅडमच्या आवाजात म्हणलं, "प्लीज म्यूट युवरसेल्फ."

आप्पांनी बिडीच्या पाकिटावर लिहून घेतलं, उगवण तीस टक्के.

आता मी तावात आलो. सरकारनं 8 मे 2020 ला शाळांच्या फीबद्दल जीआर काढला होता, तो मी जिंतूरला जाऊन प्रिंट मारून आणला, दोन रुपये पान, आणि घडी करून खिशात घालून थेट परभणी गाठली. शाळेच्या ऑफिसात काचेसमोर अजून एक प्लास्टिकचा पडदा, त्याच्या मागं क्लार्क. मी जीआर असा टेबलावर ठेवला जसं पत्त्यात इस्पिकचा एक्का टाकतात. त्यानं हात पण लावला नाही. शांतपणे ड्रॉवर उघडला आणि दुसरा कागद काढला, हायकोर्टानं जूनमध्ये त्या जीआरला स्थगिती दिलेली. वर म्हणला, "सर, तसंबी तुमच्या जीआरमध्ये फी माफ करा असं कुठंय? वाढवू नका अन् हप्त्यानं घ्या, येवढंच हाय. हप्ते तर आम्ही देतोच की." मी दुसरं पान वाचलंच नव्हतं. विद्यार्थ्यांना आयुष्यभर सांगत आलो की प्रश्न पूर्ण वाचा. गुपचूप पहिला हप्ता भरला, आणि सवयीनं त्याला थँक्यू पण म्हणून आलो.

इथपर्यंत मी गरीब बिचारा पालक होतो. पण दिवाळीच्या आधी आमच्या संस्थेत मीटिंग झाली. अध्यक्ष म्हणले, फी आली तर पगार, साधा हिशोब आहे, आणि प्रत्येक मास्तरच्या हातात चाळीस-चाळीस पालकांची यादी दिली. फोन लावा. झालं. काल जो आवाज "अहो शाळा बंद आहे तर फी कशाची" म्हणत होता तोच आवाज आज "बघा, शाळा बंद असली तरी शिक्षण सुरू आहे ना" म्हणायला लागला. मी हे बायकोसमोर बोलायचो नाही, गंजीवर जाऊन बोलायचो.

यादीतले लोक तरी कोण? एक मंडपवाला. 2020 मध्ये मंडपवाल्याला फी मागायची म्हणजे काय ते विचारा. तो म्हणला, सर, दोनशे खुर्च्या घेऊन जा. एक फोटोग्राफर, एक रिक्षावाले, एक हॉटेलवाले ते तर फोन उचलून नुसते हसायचे. मी पण हसायचो. यादीपुढं "पालक सकारात्मक" असं लिहायचो.

यादीत एकविसावा नंबर लावला. रिंग गेली, एक बाई बोलल्या. मी पाठ केलेलं सुरू केलं, "नमस्कार, शाळेतून बोलायलोय, तुमच्या मुलीचा दुसरा हप्ता..." तिकडून एकदम शांतता. मग आवाज आला, "सर, तुम्हीच का? मी आता तुम्हालाच लावणार होते. तुमच्या मुलाचा पण दुसरा हप्ता राहिलाय."

पोराची क्लास टीचर! तीच म्यूटवाली. तिची लेक आमच्याकडं सेमीला सातवीत, कारण आमच्याकडं गणित चांगलं आहे (मीच शिकवतो). तिला पण तिच्या शाळेनं यादी दिलेली. तिचा पण पगार अर्धा. दोघं पाच मिनिटं नुसते उसासे टाकत होतो. मग आम्ही हिशोब मांडला. तिनं लेकीची फी भरली तर माझा पगार होईल, मग मी माझ्या पोराची भरणार, मग तिचा पगार होईल, मग ती भरणार. म्हणजे कुणीतरी एकानं सुरुवात केली की चक्र फिरायला लागतं. अर्थशास्त्र एकदम बरोबर होतं, फक्त सुरुवातीला लागणारे पैसे दोघांकडं पण नव्हते. शेवटी तिनं माझ्या नावापुढं "पालक सकारात्मक" लिहिलं आणि मी तिच्या.

2021 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं राजस्थानच्या शाळांच्या केसमध्ये सांगितलं की न वापरलेल्या सोयींपोटी पंधरा टक्के कमी करा, आणि ऑगस्टमध्ये आपल्या सरकारनं पण पंधरा टक्के कपातीचा जीआर काढला. यावेळी मी सगळी पानं वाचली. पंधरा टक्के कमी झाले हो! बायकोनं त्या दिवशी शिरा केला. दोन घास खाल्ले असतील नसतील तर आमच्या अध्यक्षांचा ग्रुपवर मेसेज, शासनाच्या पंधरा टक्के कपातीमुळं स्टाफच्या मानधनात पण तेवढीच कपात करण्यात येत आहे, सहकार्य करावे. उरलेला शिरा आप्पांनी खाल्ला.

शाळा प्रत्यक्ष भरली तेव्हा पोरगं तिसरीत होतं. युनिफॉर्म पहिलीचा, पँट नडगीपर्यंत आलेली. गेटवर सहा झेंडे, आता चार ओळखू येत नव्हते. बस दोन दिवस आधी धुतली होती, गाजरगवत कापलं होतं, शेळी कुठं गेली माहीत नाही. ड्रायव्हरनं चावी फिरवली, बस खोकली आणि गप्प झाली. परत फिरवली, परत तेच. मग तो खाली उतरून आम्हा पालकांकडं असा बघायला लागला की समजून गेलो. चपला सावरून चार-पाच जण मागं लागलो. दोन वर्षं मेंटेनन्स भरलेली बस, ती ढकलताना मला त्यातला माझा भाग कोणता असेल असं वाटायला लागलं.

बाजूला अजून कुणीतरी जोर लावत होतं. बघितलं तर मॅडम, ओढणी कमरेला खोचून, मास्क हनुवटीवर.

"लावा सर, अजून थोडा लावा," त्या म्हणल्या, आणि मग हळूच, "अन् तो तिसरा हप्ता..."

मी म्हणलं, "मॅडम, तुमचा बी."