गोल करणारा आला, पण साकाला जपा

गोल करणारा स्ट्रायकर ग्योकेरेस आल्यामुळं आपला इंग्लिश फुटबॉल क्लब आर्सेनल २०२५-२६ची प्रीमियर लीग जिंकणारच, हे तुमच्या लेखातलं म्हणणं मला घाईचं वाटतं. २०२४-२५ मध्ये आपण हरलो फक्त ४ सामने, पण बरोबरीत सुटले तब्बल १४! लिव्हरपूल १० गुणांनी पुढं गेलं ते तिथंच. हावर्ट्झ, जेझूस हे पुढच्या फळीतले दोघंही जायबंदी, मग मिडफिल्डर (मधल्या फळीतला) मेरिनोला पुढं उभं केलं. लेस्टरविरुद्ध त्यानं शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल मारले तेव्हा विश्रामबागेत आम्ही पोरांनी गल्ली दणाणून सोडली, पण ती मलमपट्टीच होती. बचाव भक्कम आहे. धास्ती उजव्या बाजूनं हल्ला करणाऱ्या साकाच्या दुखऱ्या मांडीची. त्या मोसमात तो तीन महिने बाहेर बसला आणि उजवी बाजू ओस पडली. त्याच जागी खेळणारा मादुएके घेतलाय ना? मग त्याला खेळवा, साकाला दर सामन्यात नव्वद मिनिटं पळवू नका.

– एक आर्सेनलप्रेमी, सांगली