मोटर कितीही ताकदवान असू दे, गिंबल बॅलन्स करावाच लागतो

ठाणे-नवी मुंबईतल्या लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या पोरांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय, मला स्वतःला तो चार ग्रुपवरून आलाय. म्हणणं असं की आजकालच्या गिंबलच्या (कॅमेरा स्थिर धरणारं मोटरवालं हँडल) मोटरी इतक्या दमदार आहेत की बॅलन्स करत, म्हणजे कॅमेरा सरकवून वजनाचा तोल जुळवत, बसायची गरज नाही, घ्यायचाच तर सगळ्यात जास्त वजन पेलणारा घ्या, आवाज आला तर सांध्यात गंज काढायचा स्प्रे मारा, बॅटरी कायम फुल चार्ज ठेवा, आणि तसं बघितलं तर नवीन कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन असतंच त्यामुळे गिंबल म्हणजे पैसे पाण्यात. नवीन पोरं पहिल्या सीझनची कमाई असल्या सल्ल्यावर घालतात आणि ते बघवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"मोटर आहे ना, मग बॅलन्स कशाला?"

इथे जरा जास्त बोलणार, कारण बाकीच्या अर्ध्या तक्रारी इथूनच सुरू होतात. गिंबलमधला सेन्सर कॅमेरा कुठे कलतोय ते सतत मोजतो आणि मोटर त्याच्या उलट जोर लावते, एवढंच तिचं काम. तुमच्या हाताचा हलका धक्का खाऊन टाकायला ती आहे, कॅमेऱ्याचं वजन धरून ठेवायला नाही. आता लेन्स पुढे जड झाली आणि तुम्ही तसंच चालू केलंत, तर मोटर पूर्ण वेळ त्या लेन्सचं नाक वर धरण्यात अडकणार, मग धक्के सावरायला ताकद उरणार कुठून? मोटर तापते, बॅटरी भराभर उतरते आणि फुटेजमध्ये बारीक थरथर येते, ती मोबाईलवर दिसत नाही पण घरी मोठ्या स्क्रीनवर बरोबर दिसते.

माझ्यासोबत झालंय. कळव्याला एका हळदीत मी ३५ ची प्राइम (झूम नसलेली लेन्स) काढून २४-७० ची झूम लेन्स लावली आणि घाईत परत बॅलन्स केला नाही. नवऱ्याची आई हळद लावायला पुढे आली आणि नेमकी तेव्हाच टिल्टची (कॅमेरा वर-खाली कलवणारी) मोटर ओव्हरलोड होऊन बंद पडली, कॅमेऱ्याने मान खाली टाकली. ते दहा-बारा सेकंद त्या घराला परत मिळणार नाहीत, आणि त्यानंतर मी लेन्स बदलली की बॅलन्स केल्याशिवाय चालूच करत नाही.

करायला वेळ लागत नाही, हात बसला की तीन-चार मिनिटं. गिंबल बंद ठेवायचा. कॅमेऱ्यात बॅटरी, कार्ड, लेन्सवर फिल्टर, माइक, जे जे शूटला असणार ते सगळं आधीच लावायचं, लेन्स कॅप काढायची, स्क्रीन उघडी ठेवून शूट करणार असाल तर उघडीच ठेवायची. मग टिल्ट: लेन्स आकाशाकडे करून हात सोडा, तिथेच थांबली पाहिजे, नंतर समोर करून तेच. मग रोल, म्हणजे डावी-उजवीकडे कलणं. शेवटी पॅन, म्हणजे आडवं फिरणं, त्यासाठी हँडल थोडं तिरकं धरायचं आणि कॅमेरा आपोआप एका बाजूला फिरतोय का बघायचं. सगळं जिथल्या तिथे थांबलं की मगच पॉवर, आणि मग ऑटो ट्यून, म्हणजे गिंबल मोटरचा जोर स्वतःच जुळवून घेतो.

एक गोष्ट कोणी सांगत नाही, मॉनिटरची जाड एचडीएमआय केबल. ती स्प्रिंगसारखी ओढते आणि केलेला बॅलन्स गेला. पातळ मऊ केबल घ्या आणि थोडी सैल सोडा.

आणि गॅरेट ब्राउनने १९७० च्या दशकात पहिला स्टेडिकॅम (अंगावर बांधून कॅमेरा स्थिर ठेवायचं साधन) बनवला तेव्हा कॅमेरा सरळ धरणारी मोटर त्यात नव्हतीच, वजनांचा तोल आणि स्प्रिंगवाला आर्म एवढ्यावर ते चालायचं.

"सगळ्यात जास्त पेलोडवाला घ्या"

सोनीचा ए सेव्हन फोर कॅमेरा ६५८ ग्रॅम, त्यावर २४-७० जीएम टू लेन्स ६९५ ग्रॅम. फिल्टर, माइक धरून दीड किलोच्या आत. डीजेआय कंपनीच्या आरएस थ्री मिनी गिंबलला २ किलो चालतं आणि तो स्वतः ८०० ग्रॅमच्या आसपास आहे, आरएस थ्री प्रोला ४.५ किलो चालतं पण ट्रायपॉडसकट तो दीड किलोचा. म्हणजे कॅमेऱ्यासकट दिवसभर हातात २.३ किलो का ३ किलो, हा प्रश्न आहे. टेंभी नाक्याच्या देवीच्या गर्दीत दोन तास हात वर धरून बघा, फरक लगेच कळेल. हां, ७०-२०० वापरत असाल तर मोठाच लागेल, कारण तिथे नुसतं वजन नाही, लांबीपण नडते. आपला सेट आधी घरच्या वजनकाट्यावर ठेवा आणि मग दुकानात जा, शक्य असेल तर कॅमेरा सोबतच न्या.

"आवाज आला की स्प्रे मारा"

प्लीज नका मारू. तो स्प्रे बेअरिंगमधलं ग्रीस पातळ करून बाहेर काढतो आणि आत इलेक्ट्रॉनिक्स आहे तिथे ओल जाते. घरघर आली तर आधी बॅलन्स बघा, मग कॅमेरा बसवायच्या प्लेटचा स्क्रू, मग लॉकची खटकी कुठे अर्धवट लागलीय का ते. बहुतेक वेळा तिथेच सापडतं. पाम बीच रोडला किंवा खाडीच्या बाजूला शूट झालं की गिंबल कोरड्या मऊ कपड्याने पुसून, बॅग लगेच बंद न करता थोडा वेळ उघडी ठेवून मग सिलिका जेलसकट (ओल शोषणारी पुडी) ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा लेन्सवर बुरशी आणते, तीच हवा चार्जिंगच्या पिनाही काळ्या करते.

"बॅटरी कायम फुल"

लिथियमची बॅटरी फुल चार्ज करून गरम जागी पडून राहिली की लवकर म्हातारी होते. सीझन संपल्यावर साधारण अर्धी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. बाहेरगावच्या लग्नाला विमानाने जाताना सुट्या बॅटऱ्या हँडबॅगेत, चेक-इनमध्ये नाही.

"कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन आहे की"

ह्यात थोडं खरं आहे. उपवन तलावाला सकाळच्या उजेडात रील काढणार असाल तर फोन पुरे, उगाच खर्च नको. पण हॉलमध्ये रात्री सेकंदाला २५ फ्रेमला शटर १/५० (प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड) ठेवावं लागतं, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे लाइट लुकलुकू नये म्हणूनही तेच बरं. त्या १/५० सेकंदात हात हलला तर फ्रेम आतूनच पुसट होते. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन नंतर फ्रेम कापून सरकवतं, पण पुसटपणा जात नाही, वर अँगलही कमी होतो. गिंबल कॅमेराच हलू देत नाही, फरक हा. मात्र पावलांची वर-खाली उडी तोही काढत नाही, गुडघे वाकवून टाच आधी टेकवत चालायला शिकावंच लागतं.

बजेट नसेल तर सेकंड हँड घ्या, पण बंद असताना तिन्ही सांधे हाताने फिरवून बघा, कुठे खरखर किंवा ढिलेपणा नको, आणि आपला कॅमेरा लावून बॅलन्स करून निदान पंधरा मिनिटं चालू ठेवा, होरायझन (फ्रेममधली आडवी रेषा) हळूहळू तिरका होत गेला आणि सपाट टेबलावर ठेवून कॅलिब्रेट (सेन्सर परत जुळवून) करूनही परत तसाच झाला तर तो घेऊ नका.