बाविसाव्या दिवसाबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया बुधवारी रात्री वाचली. उत्तराला तीन दिवस लागले, कारण आधी तुमचे एकवीसच्या एकवीस लेख वाचायचे होते. ज्यांच्या नजरेतून ती प्रतिक्रिया सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ब्लॉग चालता कसा ठेवावा यावर मी मे महिन्यात एक लेख लिहिला होता. त्यात म्हटलं होतं, रोज लिहा, २१ दिवस नेटानं लिहिलंत की सवय लागते. ताईंनी ते मनावर घेतलं, १ जूनला मंगळवेढ्याकडच्या स्वयंपाकावर ब्लॉग सुरू केला आणि रोज एक लेख टाकला. बाविसाव्या दिवशी सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं आणि लिहिणं थांबलं. आता ब्लॉग उघडायचाच धीर होत नाही, असं त्या लिहितात. पुढे त्यांनी मला तीन गोष्टी सुनावल्या आहेत. हा सल्ला मोकळा वेळ असणाऱ्या पुरुषाचा आहे. मी स्वतः पंधरा-पंधरा दिवस काही टाकत नाही आणि इतरांना रोज लिहायला सांगतो. आणि मराठी ब्लॉग आता वाचतं कोण, सगळे व्हिडिओ बघतात.

पहिल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी मला पटत नाही.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. २१ दिवसांचा आकडा मी न तपासता लिहिला. तो सगळीकडे ऐकू येतो म्हणून खरा धरला. मुळात तो मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकातून आला. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला 'किमान' गळून पडला, रुग्ण गळून पडले, आकडा तेवढा उरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे केलेला अभ्यास २०१० साली छापून आला. त्यात प्रत्येकानं एकच छोटी गोष्ट निवडली होती आणि ती रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला बांधली होती, म्हणजे दुपारच्या जेवणाबरोबर बाटलीभर पाणी पिणं वगैरे. ती गोष्ट आपसूक हातून घडायला कुणाला १८ दिवस पुरले, कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांवर गेला. मधला आकडा ६६ निघाला. आणि ताई, तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं हे की, एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही.

म्हणजे बाविसाव्या दिवशी तुमचं काहीच मोडलं नव्हतं. ते मोडलं असं तुम्हाला वाटलं, कारण मी तशी मुदत घालून दिली होती. मेमधल्या त्या लेखात आज दुरुस्ती केली आहे. जुनं वाक्य खोडलेलं दिसेल असं ठेवलंय आणि खाली तारीख टाकून बदलाचं कारण लिहिलंय.

आता मोकळ्या वेळाबद्दल. मी साताऱ्याला राहतो आणि शिरवळच्या एका कारखान्यात नोकरी करतो. सकाळी कंपनीची बस खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडली की मी वही उघडतो. माझा ब्लॉग झाडांवर आहे, म्हणून शिरवळ येईपर्यंत जी काही मिनिटं मिळतात त्यात आदल्या दिवशी पाहिलेली झाडं टिपतो. संध्याकाळी परतताना बस घाटानं चढते, तेव्हा खिडकीतून बघायचं. कोणता पळस फुलला, कोणत्या काटेसावरीची पानं गळाली, पांगाऱ्यावर मैना आल्या का. कधी चार ओळी होतात, कधी नुसती तारीख आणि झाडाचं नाव. हे रोज होतं. लेख मात्र पंधरा दिवसांतून एक, तोही शनिवारी. तेव्हा 'रोज लिहा' असं मी लिहिलं ते वहीच्या भरवशावर, आणि वहीचं नावच घेतलं नाही. तुम्ही रोज लेख टाकायचा असा अर्थ घेतलात तो बरोबरच होता, शब्द तेच सांगत होते. शिवाय बसमधली ती मिनिटं पूर्णपणे माझी असतात. त्या वेळात मला कुणी हाक मारत नाही, गॅसवर काही उतू जात नाही. सहा माणसांचं घर सांभाळणाऱ्या बाईच्या दिवसात असा तुकडा कुठे असतो, याचा विचार मी केला नव्हता. तो करायला हवा होता.

लेख लिहिणं ही सवय होऊच शकत नाही, असं आता माझं मत झालंय. लेखाला विचार लागतो, खोडाखोड लागते, एखादी माहिती कुणाला तरी विचारावी लागते. सवय होते ती वही उघडण्याची. म्हणून ती आधीपासून चालत आलेल्या एखाद्या कामाला बांधावी. माझ्यासाठी तो बोगदा आहे. तुमच्याकडे भाकरीचा तवा असेल. हात पिठाचे असतील तर फोनला सांगा. मराठी बोलून टाइप करायची सोय गूगलनं २०१७ सालीच आणली आहे. जोडाक्षरं कधी कधी चुकतात, ती नंतर दुरुस्त करता येतात.

तुमचे लेख वाचताना मला एक गोष्ट दिसली, ती स्पष्टच सांगतो. पहिले नऊ लेख कुणीही दुसरं लिहू शकलं नसतं. सहावा हुरड्याचा. आगटी किती खोल खणायची, गोवऱ्या कशा रचायच्या, गूळभेंडी ज्वारीची कणसं दाणा दुधात असताना का काढायची, भाजलेलं कणीस हातावर चोळताना आजी दाण्यातून कोंडा कसा फुंकायची. आठवा मालदांडीच्या भाकरीचा, त्यात जुनी ज्वारी आणि नवी ज्वारी यांना पाणी वेगवेगळं लागतं हे तुम्ही मापासकट लिहिलंय. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ही बातमी सगळ्यांनी छापली. पण त्या ज्वारीचं पीठ परातीत कसं वागतं हे मला तुमच्याच लेखात सापडलं.

दहाव्या दिवशी पनीर बटर मसाला आला. अकराव्या दिवशी व्हाइट सॉस पास्ता. तेराव्या दिवशी 'पाणी पिण्याचे फायदे'. तुम्ही दमला होता, घरचं कुणी काही विचारत होतं, रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि आज काहीतरी टाकायलाच हवं होतं. हे मी कल्पनेनं लिहितोय, पण चुकत नसेन. असे दिवस माझ्याही पहिल्या वर्षात गेलेत. 'वृक्षांचे महत्त्व' या मथळ्याचा माझा एक लेख होता. त्यात एकाही झाडाचं नाव नव्हतं. तो मी नंतर काढून टाकला.

सोळाव्या दिवशी मात्र तुम्ही पुन्हा तुमच्या गावी परतलात. येळवशीचा लेख. मार्गशीर्ष अमावास्येला शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपटी, पांडवांची पूजा, भज्जी म्हणजे ओले दाणे घातलेली मिसळीची भाजी, आंबील, पिठाचे उंडे. तो लेख जेमतेम दोनशे शब्दांचा आहे आणि मधेच तुटलाय. त्याला एक आठवडा मिळाला असता तर लातूर, धाराशिव आणि सोलापूरकडच्या किती घरांत तो वाचला गेला असता! सणाचं पान सणाच्या महिनाभर आधी तयार ठेवावं, ही सवय मी माझ्या झाडांकडून शिकलो. बहाव्याचा लेख मी मार्चमध्ये पुरा करतो, कारण एप्रिलमध्ये बहावा फुलला की लोक त्याचं नाव शोधू लागतात.

इथेच तुमच्या तिसऱ्या मुद्द्याकडे येतो. माझा बहाव्याचा पहिला लेख पाच वर्षं जुना आहे. दर उन्हाळ्यात त्याला नवे वाचक येतात, आणि कुणीतरी 'आमच्या गल्लीत आहे हे झाड' म्हणून लिहून कळवतं. व्हिडिओचं मला वावडं नाही, तुम्ही भाकरी थापतानाचा जरूर करा. पण पाण्याचं माप, कणसाची जात, महिना हे पुन्हा शोधायला माणूस शब्दांकडे येतो. मराठी ब्लॉगांची गर्दी ओसरली, हे मात्र खरं. अनेक ब्लॉगांचे नवे लेख एका जागी वाचायची सोय देणारा गूगल रीडर २०१३च्या जुलैत बंद झाला, बरीच लिहिणारी मंडळी फेसबुककडे गेली. तिथलं लिखाण पुढच्या वर्षी शोधायला गेलं तर हाती लागत नाही. ब्लॉगवरचं लागतं, फक्त एक काळजी घ्यायची. तुम्ही ब्लॉगरवर आहात. तिथे मथळा नुसता देवनागरीत दिला तर लेखाच्या पत्त्यात ती अक्षरं येत नाहीत, नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा पडतो. तुमच्या एकवीसही लेखांचं तसं झालंय. प्रकाशित करण्याआधी पर्मालिंकमध्ये, म्हणजे लेखाचा पत्ता ठरवायच्या जागी जाऊन रोमन अक्षरांत हुरडा, येळवस असं घालत जा. आणि महिन्यातून एकदा सेटिंगमधून सगळ्या ब्लॉगची प्रत उतरवून घ्या. या दोन गोष्टी मला कुणी पहिल्या महिन्यात सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुमच्या मनातली भीती 'आता खूप खंड पडला' ही आहे, म्हणून दोन जुनी उदाहरणं देतो. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ला निघालं ते पाक्षिक म्हणून. चार महिने पंधरवड्याची घडी बसवली आणि मग मे महिन्यात ते साप्ताहिक झालं. रोजचं वचन त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. लोकहितवादींनी १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रं लिहिली, सरकारी नोकरी सांभाळून. ती एकूण १०८ भरली. विशीतल्या माणसाचा रोखठोक राग आणि तळमळ त्यांत आहे, मराठी माणूस अजून ती वाचतो. त्यांतलं कोणतं पत्र वेळेवर गेलं आणि कोणतं चुकलं, असं आज कुणी विचारत नाही.

तुम्ही वार ठरवा, आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा. घरात आजारपण असेल तर ब्लॉगवर एक ओळ टाका, 'पुढचा लेख पौर्णिमेनंतर.' वाचक थांबतात. दहावा ते पंधरावा हे लेख काढायचे की ठेवायचे ते तुम्ही ठरवा, मी असतो तर काढले असते. सोळावा पुन्हा लिहा, आणि तो आधी कागदावर लिहा.

सासूबाईंची तब्येत आता कशी आहे? येळवशीचं मला जे विचारायचंय त्यातलं बरंचसं त्यांनाच ठाऊक असेल. उंडे तुमच्याकडे ज्वारीचे करतात की बाजरीचे, की दोन्ही मिसळून? आंबील आदल्या रात्री लावता की दोन दिवस आधी? आणि भज्जीत पहिल्यांदा काय पडतं, हरभऱ्याचे ओले दाणे की तुरीचे? त्या बसून बोलू शकत असतील तर त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. मी सोळाव्या लेखाखाली हेच प्रश्न टाकून ठेवले आहेत.