४२ युनिटांत एक किलो हायड्रोजन? आधी भागाकार तपासा

हरित हायड्रोजनचा, म्हणजे सौर-पवन विजेने पाणी फोडून काढलेल्या हायड्रोजनचा, एक सुटसुटीत हिशोब समाजमाध्यमांवर फिरत असतो. किलोभर हायड्रोजनमध्ये ३३ युनिट ऊर्जा, इलेक्ट्रोलायझरची (विजेने पाणी फोडणाऱ्या यंत्राची) कार्यक्षमता ८० टक्के, म्हणजे किलोमागे साधारण ४२ युनिट वीज. सौर वीज लिलावात अडीच रुपयांना मिळते, म्हणजे किलोला १०५ रुपये. पाणी तर फुकटच. मग खत कारखाने ज्यातून हायड्रोजन काढतात तो नैसर्गिक गॅस उद्याच का बंद करत नाही, असा शेवटी सवाल. आणि उत्तरही तयार: तेल कंपन्यांचं कारस्थान.

यातला एकेक आकडा कुठे ना कुठे छापलेला सापडतो. गोची आहे ती त्यांना एकत्र आणण्यात.

३३ भागिले ८० टक्के. हायड्रोजन जाळला आणि तयार झालेली वाफ तशीच सोडून दिली, तर किलोमागे ३३.३ युनिट मिळतात. त्या वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णताही धरली तर ३९.४. पहिला निम्न उष्मांक, दुसरा उच्च. इलेक्ट्रोलायझरचे उत्पादक ८० टक्के म्हणतात ते बहुधा उच्च उष्मांक धरून. म्हणजे भागाकार ३९.४ चा करायचा, उत्तर ४९ च्या पुढे. ४२ हा आकडा दोन वेगळ्या मापांची सरमिसळ करून आलेला आहे.

शंका असेल तर दुसऱ्या बाजूने तपासा. फॅरेडेच्या नियमानुसार एका किलोला लागणारी युनिटं म्हणजे सेलचे (इलेक्ट्रोलायझरच्या एका घटकाचे) व्होल्ट गुणिले २६.६. बाहेरून उष्णता न देता सेल चालवायचा तर किमान १.४८ व्होल्ट लागतात; गुणाकार केला की तेच ३९.४ येतात. ४२ युनिटांत भागवायचं तर सेल १.५८ व्होल्टवर चालवावा लागेल. नेहमीचे अल्कलाइन (क्षारीय द्रावणाचे) किंवा पीईएम (प्रोटॉन जाऊ देणाऱ्या पडद्याचे) सेल कारखान्यात साधारण १.८ ते २ व्होल्टवर चालतात. प्रवाह अगदी कमी ठेवला तर व्होल्ट उतरतात, पण मग तेवढ्याच हायड्रोजनसाठी कितीतरी जास्त सेल विकत घ्यावे लागतात. वाफेवर चालणारे घन-ऑक्साइड सेल चाळीस युनिटांच्या आसपास वीज घेतात हे खरं. पण ती वाफ कुठून आणली, तिला किती ऊर्जा लागली, हेही मग खर्चाच्या बाजूला लिहा.

आणि ४९ हा नुसत्या स्टॅकचा, म्हणजे एकत्र रचलेल्या सेलच्या थप्पीचा, आकडा. ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, पंप, कूलिंग, गॅस सुकवणं, थोडा दाब वाढवणं हे सगळं धरलं की पूर्ण प्लांटचा आकडा ५२ ते ५५ वर जातो. तोही नव्या प्लांटचा. सेल जुने होतात तसे व्होल्ट चढतात. ते साधारण दहा टक्के चढले की स्टॅक बदलायची वेळ आली असं धरतात. नव्याचा आकडा वीस वर्षं तसाच ओढणारी एक्सेल शीट दिसली की मी पुढचं वाचत नाही.

अडीच रुपयांची वीज. ती मिळते, पण ऊन असतानाच. आपल्याकडचा सौर प्रकल्प वर्षभरात आपल्या क्षमतेच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढी वीज देतो. नुसत्या त्याच विजेवर इलेक्ट्रोलायझर ठेवला तर महागडं यंत्र तीन-चतुर्थांश काळ बसून राहतं आणि त्याचा भांडवली खर्च थोड्याच किलोंवर पडतो. शिवाय ढग आला म्हणून हवा तेवढा भार उतरवता येत नाही. अल्कलाइन यंत्रात भार फार खाली गेला की पडद्यातून झिरपणाऱ्या हायड्रोजनचं ऑक्सिजनमधलं प्रमाण वाढतं. ४ टक्क्यांना स्फोटाची मर्यादा सुरू होते, त्यामुळे २ टक्क्यांच्या सुमारासच यंत्र बंद करतात. वर्षाची सरासरी घेणाऱ्या मॉडेलमध्ये यातलं काहीच उमटत नाही. तासातासाचा हिशोब मांडावा लागतो.

मग रात्री ग्रिडची वीज घेऊ, असं कोणी म्हणेल. आपल्या ग्रिडवर युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो. ५३ युनिटांचे झाले ३७ किलो. नैसर्गिक वायूपासून काढलेल्या हायड्रोजनला ९ ते १० किलो पडतात. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने हरित हायड्रोजनची व्याख्या केली, तिची मर्यादा किलोभर हायड्रोजनला २ किलो कार्बन डायऑक्साइड. एकूण विजेतली पाच-सहा टक्के जरी ग्रिडची घेतली तरी ती गाठली जाते.

गॅस उद्याच बंद. खत कारखाने हायड्रोजनपासून आधी अमोनिया करतात आणि एक टन अमोनियाला सुमारे १७७ किलो हायड्रोजन लागतो. हवेतून नायट्रोजन वेगळा करणं आणि कॉम्प्रेसर धरले तर टनामागे १० हजार युनिट वीज. दिवसाला हजार टनांच्या कारखान्याला रात्रंदिवस ४०० मेगावॉटहून जास्त हवेत, म्हणजे सौर क्षमता १,७०० मेगावॉटच्या घरात, साठवण वेगळी. आणि अलिबागजवळच्या थळचा आरसीएफचा (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा) कारखाना मुख्यतः युरिया करतो. युरियाच्या प्रत्येक टनाला पाऊण टनाच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड कच्चा माल म्हणून लागतो, आणि तो नैसर्गिक वायूतूनच मिळतो. गॅस बंद केला की तोही बंद. कारस्थानवाल्या संदेशात याचा उल्लेख मला कधी दिसला नाही.

पाणी फुकट. इथे मात्र हरित हायड्रोजनचे विरोधकही जास्त ओरडतात. किलोला ९ लिटर पाणी रासायनिक गरज म्हणून, शुद्धीकरण आणि कूलिंगसह २०-३० लिटर. समुद्राचं पाणी गोडं करायला त्यासाठी ०.१ युनिट पुरतं. ऊर्जेच्या हिशोबात ते नगण्य आहे. मराठवाड्यात प्लांट टाकायचा म्हटलं तर प्रश्न वेगळा.

राहता राहिले १०५ रुपये. त्या दराने एक किलो अमोनियातला हायड्रोजन १९ रुपयांच्या आत बसायला हवा. २०२५ मध्ये सेकीने (केंद्राच्या सौर ऊर्जा महामंडळाने) खत कारखान्यांसाठी हरित अमोनियाचे लिलाव केले, त्यात भाव निघाले किलोला साधारण ५० ते ६५ रुपये. नायट्रोजन आणि हेबर प्रक्रियेने (नायट्रोजन व हायड्रोजनचा अमोनिया करण्याच्या पद्धतीने) मधले तीस-चाळीस रुपये खाल्ले असं म्हणायचं असेल, तर तोही हिशोब मांडून दाखवा.