ग्रीन बिल्डिंगची पाटी आणि पश्चिमेची भिंत

जळगावात हल्ली प्रत्येक नव्या स्कीमच्या होर्डिंगवर एक हिरवं पान असतं. परवा आमचे नाना गाडीत मागे बसले होते, होर्डिंग बघून म्हणाले, "हाई पान कसाले लायेल शे रे भो?" मी म्हटलं, नाना, ग्रीन बिल्डिंग आहे ती, म्हणजे वीज-पाणी कमी लागेल अशी बांधली म्हणून सर्टिफिकेट मिळतं त्यातली. त्यावर ते म्हणाले, आजूबाजूला तर एक झाड दिसत नाही. आता त्यांना गाडीत कुठे समजावत बसणार, म्हणून इथे लिहितोय, आणि लिहायचा थोडा हक्क पण आहे कारण पुण्यात साइटवर होतो तेव्हा या सर्टिफिकेशनच्या फाइली मी स्वतः बनवल्यात.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. हे सरकारी प्रमाणपत्र नाही. ही गुणपत्रिका आहे, आणि गुण देणाऱ्या संस्था वेगवेगळ्या आहेत. सुरुवात इंग्लंडात झाली, 1990 मध्ये, ब्रीम नावाने. मग अमेरिकेत लीड आलं. आपल्याकडे 2001 मध्ये सीआयआय या उद्योगांच्या संघटनेने हैदराबादला इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल म्हणजे आयजीबीसी काढली, पूर्वी भारतातलं लीड पण तीच चालवायची, नंतर तिने स्वतःची वेगळी रेटिंग्ज आणली. दुसरीकडे टेरी ही ऊर्जेवर संशोधन करणारी संस्था आणि केंद्राचं अक्षय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून गृहा नावाचं रेटिंग केलं, त्यात एक ते पाच स्टार मिळतात, आणि 2500 चौरस मीटरपेक्षा लहान बांधकामांसाठी स्वगृहा नावाचं छोटं व्हर्जन पण आहे. जागतिक बँकेच्या आयएफसीचं एज आहे, त्याचा हिशेब सगळ्यात सोपा, वीज, पाणी आणि मटेरियल बनवताना लागणारी ऊर्जा किंवा सुटणारा कार्बन, तिन्हीत किमान 20 टक्के बचत दाखवा.

आता गुण कसे देतात ते लीडवरून सांगतो कारण बाकीच्यांची चाल साधारण तशीच आहे. एकूण 110 पॉइंट. 40 मिळाले की सर्टिफाइड, 50 ला सिल्व्हर, 60 ला गोल्ड, 80 ला प्लॅटिनम. काही गोष्टी कम्पल्सरी असतात, त्यांना पॉइंट नाहीत पण त्या नसल्या तर तुम्ही शर्यतीतूनच बाद. बाकी सगळं ऑप्शनल, पेपरात लिहितात ना "खालीलपैकी कोणतेही सोडवा", तसं. आणि माझं खरं भांडण इथेच आहे.

कारण पॉइंट एकमेकांची भरपाई करतात. सायकल स्टँड आणि शॉवरला एक पॉइंट. लो व्हीओसी, म्हणजे घातक वाफा कमी सोडणाऱ्या पेंटला वेगळे. पाणी कमी लागणाऱ्या नळांना वेगळे. इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंग, कचऱ्याचं नियोजन, टीममध्ये एक मान्यताप्राप्त माणूस असला तर त्याचा पण एक पॉइंट (खरंच). म्हणजे पश्चिमेला सगळी काच लावली, भिंत चार वाजता हात लावू देत नाही इतकी तापली, तरी कम्पल्सरी किमान पातळी ओलांडली की पुढचं नुकसान दुसरीकडून भरून काढता येतं. भुसावळच्या मे महिन्यात, पारा 45 च्या पुढे असताना, सायकल स्टँडने कोणाला गार वाटलंय?

मटेरियलचं उदाहरण अजून मजेशीर आहे. लीडच्या 2009 च्या व्हर्जनमध्ये "स्थानिक" मटेरियलचे पॉइंट होते आणि स्थानिक म्हणजे 500 मैल, म्हणजे आपल्या भाषेत 800 किलोमीटर. जळगावपासून हवाई अंतर मोजलं तर राजस्थानातलं मकराना सातशेच्या आत येतं. म्हणजे मकरान्याचा मार्बल जळगावच्या बिल्डिंगला स्थानिक! आणि आपल्या दीपनगरच्या थर्मल पॉवर स्टेशनच्या राखेच्या विटा पण स्थानिकच, दोघं एकाच रांगेत. पुढे 2013 च्या चौथ्या व्हर्जनमध्ये ते अंतर 100 मैलांवर आणलं, म्हणजे शहाणपण आलं, नाही असं नाही.

फाइली कशा बनतात ते पण ऐका. प्रत्येक क्रेडिटची, म्हणजे ज्याला पॉइंट आहेत अशा एकेका मुद्द्याची, एक फाइल. पेंटच्या डब्यावरचं लेबल, कंपनीचं पत्र, खरेदीचं बिल, चलन, सगळं स्कॅन. साइटवर धूळ उडू नये म्हणून पाणी मारतोय असे तारखेसकट फोटो. टँकरवाला यायच्या आधी साहेब फोन करून विचारायचे, फोटोग्राफर आला का? पाणी खरंच मारलं जायचं, खोटं नाही बोलणार, पण पाणी मारण्यापेक्षा फोटो महत्त्वाचा हे साइटवरच्या मुकादमाला पण कळलं होतं. शेवटी कन्सल्टंट हे सगळं अपलोड करतो, तिकडून रिव्ह्यू येतो, चार क्रेडिट पेंडिंग, मग परत बिलं शोधा.

विजेचं गणित सगळ्यात जास्त पॉइंटचं. सॉफ्टवेअरमध्ये दोन बिल्डिंगी उभ्या करतात, एक तुमची आणि एक तेवढ्याच आकाराची काल्पनिक, तिला बेसलाइन म्हणतात, आणि दोघींच्या वर्षभराच्या खर्चातला फरक म्हणजे तुमची बचत. इथली मेख बघा. तुमच्या डिझाइनमध्ये एसीच नसेल तर लीड ज्या अमेरिकन स्टँडर्डवर चालतं त्यात दोन्ही मॉडेलमध्ये सारखाच एसी धरतात, म्हणजे एसी न लावण्याचा फायदा साध्या हिशेबात शून्य! तो मिळवायला वेगळी किचकट आकडेमोड करून सिद्ध करावं लागतं. कमी बिलाचा एसी घेतला तर पॉइंट, एसी घेतलाच नाही तर आधी पुरावे द्या. आता आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी, वाळ्याचा साधा कूलर एसीच्या कितीतरी कमी विजेत खोली गार करतो हे खान्देशात शाळेतल्या पोराला पण माहितीय. आणि जुनी धाब्याची घरं तर त्याच्याही पुढची. हातभर जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरांवर मातीचा थर, खिडक्या लहान, मध्ये चौक. दुपारी दोनला आत गेलं की अंगावरचा घाम वाळतो. (पावसाळ्यात धाबं गळतं आणि दरवर्षी माती टाकायला माणूस मिळत नाही, ते पण खरं, उगाच जुनं ते सोनं करायला मी बसलेलो नाही.)

मग बिल्डर हे का करतात? पर्यावरणाचं प्रेम असेल एखाद्याला, पण मोठं कारण एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते प्रमाण. महाराष्ट्राच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत गृहाचे तीन स्टार किंवा आयजीबीसीचं सिल्व्हर असेल तर बेसिक एफएसआयवर 3 टक्के जास्त, चार स्टार किंवा गोल्डला 5, पाच स्टार किंवा प्लॅटिनमला 7 टक्के. समजा 2200 चौरस मीटर बेसिक आहे, तर 7 टक्के म्हणजे 154 चौरस मीटर, चांगले दोन फ्लॅट फुकटात. आणि हे प्री-सर्टिफिकेशनवर मिळतं, म्हणजे ड्रॉइंग आणि "आम्ही असं करू" या वचनावर. नंतर ठरलेलं रेटिंग आणलं नाही तर रेडी रेकनरच्या (सरकारी दरपत्रकातल्या) जमीन किमतीच्या दुप्पट दराने दंड आहे, म्हणजे नियम बनवणाऱ्यांनी विचार केलाय. पण होर्डिंगवरचं पान बहुतेक वेळा प्री-सर्टिफिकेशनचंच असतं, तेव्हा तर पाया पण भरलेला नसतो. बुकिंग करताना विचारा, फायनल सर्टिफिकेट कधी येणार, आणि ते सोसायटीच्या ताब्यात देणार का. एका स्कीमच्या ऑफिसात मी हे विचारलं तर पोरगा म्हणाला सर आम्ही टॉपला सोलर लावतोय. अरे मी काय विचारतोय!

मी रेटिंगच्या विरोधात नाही हां, कमेंटमध्ये लगेच सुरू होऊ नका. या गुणपत्रिकेमुळेच पावसाचं पाणी, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट), ड्युअल फ्लश, खिडकीच्या काचेची क्वालिटी हे विषय मीटिंगमध्ये निघायला लागले, नाहीतर एलेव्हेशनच्या कलरवर दोन तास जायचे. माझं म्हणणं एवढंच की खान्देशात छत आणि पश्चिमेची भिंत यांना पर्याय ठेवू नका. आणि ते मोजायचं माप आपल्याच देशात तयार आहे. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने 2018 मध्ये निवासी इमारतींसाठी इको-निवास संहिता काढली. त्यात भिंती-खिडक्यांतून घरात सरासरी किती उष्णता शिरते याचा आरईटीव्ही नावाचा आकडा आहे, तो दर चौरस मीटरला 15 वॉटपेक्षा जास्त नको. आणि छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे त्यातून उष्णता किती सहज आरपार जाते तो आकडा, 1.2 च्या वर नको. आपला नुसता सहा इंची आरसीसी स्लॅब धरा, त्याचा यू-व्हॅल्यू तीनच्या वर जातो! म्हणून तर वरच्या मजल्यावरचे लोक रात्री अकराला गादी घेऊन टेरेसवर जातात. इन्सुलेशनचा थर, वर पांढरा चायना मोझॅक, पश्चिमेला नुसत्या विटेऐवजी एएसी ब्लॉक (हलके, आत हवेची छिद्रं असलेले) आणि खिडकीवर नीट छज्जा, यात रॉकेट सायन्स काय आहे?

आणि बांधून झाल्यावर खरं रेटिंग लाइट बिलावर कळतं. त्याच ब्युरोचं ऑफिस बिल्डिंगांसाठी स्टार लेबल आहे, ते मॉडेलवर नाही, वर्षभरात प्रत्यक्ष जळलेल्या युनिटला एरियाने भागून देतात. घराला पण हाच हिशेब करून बघता येतो. 70 चौरस मीटरचा फ्लॅट, वर्षाला 2100 युनिट, म्हणजे 30. दोन सोसायट्यांचे असे आकडे शेजारी ठेवले की पान कुठे खरं आणि कुठे रंगवलेलं ते लगेच दिसतं.

तर जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, चाळीसगाव, कुठेही कोणी सर्टिफाइड बिल्डिंगमध्ये अगदी वरच्या मजल्यावर राहत असेल तर एप्रिल-मेचे युनिट आणि कार्पेट एरिया कमेंटमध्ये टाका. बिल्डरचं नाव नको, उगाच भांडणं होतात. साध्या बिल्डिंगमधल्यांनी पण टाका. खाली पहिलं माझंच टाकतो, तिसरा मजला, वर स्लॅब, पश्चिमेला बेडरूम.